जाड, लांब केसांचा अंबाडा जागचा हलू नये म्हणून

नाशिकच्या विसर्जन मिरवणुकीत मी पहिल्यांदा ढोल बांधला, त्या दिवशी वाकडी बारवेपाशी उभी असताना माझ्या डोक्यात २२ पिना होत्या. नऊवारी, नथ, अंबाड्याभोवती मोगऱ्याचा गजरा, सगळं कसं झोकात. भद्रकाली यायच्या आत गजरा पाठीवर लोंबायला लागला आणि मेन रोडला वळेपर्यंत अख्खा अंबाडा मानेवर येऊन बसला. एका हातात टिपरू, दुसरा हात ढोलाच्या पानावर, ठोका सोडायची सोय नाही. पुढचा रस्ता मान आखडून वाजवला. रात्री घरी मोजल्या तर डोक्यात ११ पिना उरलेल्या. बाकीच्या मेन रोडला अर्पण.

आत्याने ते बघून एवढंच म्हटलं, "बूडच सैल होतं तुझं. पिना काय करतील गं?"

तिचे केस साठीतही मांडीपर्यंत आहेत आणि पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाताना घातलेला अंबाडा ती रात्री झोपताना सोडते. तिच्याकडून शिकलेलं आणि नंतर दहा-बारा मिरवणुकांत स्वतः पडताळलेलं सांगते.

अंबाडा सुटतो का

व्हिडिओत बघून केलेला अंबाडा आपल्याला टिकत नाही, कारण त्यातल्या मुलीच्या केसांचा घेर बहुतेक वेळा आपल्या निम्मा असतो. तुमचे केस जाड या हिशेबात बसतात का ते बघायचं असेल तर पोनी बांधा आणि अंगठा व तर्जनी तिच्या बुडाशी गुंडाळा. बोटं मुश्किलीने टेकत असतील किंवा टेकतच नसतील, तर हा लेख तुमच्यासाठी.

अशा केसांत तीन गोष्टी एकदम चालू असतात. अंबाड्याचं वजन खाली ओढतं, घातलेला पीळ उलटा उलगडायला बघतो, आणि स्वच्छ धुतलेले केस एकमेकांवरून सटकतात. पिना वाढवून यातलं एकही थांबत नाही. जी पिन अंबाड्याच्या आतच राहिली, डोक्यालगतच्या केसांपर्यंत पोचलीच नाही, ती अंबाड्याचं वजनच वाढवते. माझ्या २२ पैकी निम्म्या तरी तशाच असणार.

आदल्या दिवशी

कार्यक्रमाच्या सकाळी केस धुऊ नका, आदल्या दिवशी धुवा. कंडिशनर लावायचं तर फक्त टोकांना. एका रात्रीत केसांना जो थोडासा चिकटपणा येतो, त्याच्यावर पिना धरतात. आमच्याकडे थंडीत, निफाडचा पारा उतरला की, जाड केस एका दिवसात आतून वाळतच नाहीत, तेव्हा दोन दिवस आधी धुतलेले बरे. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा मात्र अजिबात नको. ओला केस ताणला जातो आणि सहज तुटतो, आतला ओलावा दिवसभर कोंडून राहतो आणि संध्याकाळी सोडल्यावर वास येतो तो वेगळाच. शिवाय वाळताना केस बसतात, अंबाडा सैल पडतो.

तेल? थेंबभर, तळहातांना चोळून, वरून उडणाऱ्या केसांना. चापून तेल घातलेल्या केसांत अंबाड्याचा आकडा तरंगतो.

सामान

मेन रोडवर किंवा दहीपुलाकडच्या कुठल्याही कटलरीच्या दुकानात सगळं मिळतं. इंग्रजी यू सारखे लांब, जाड तारेचे आकडे सहा घ्या. काळ्या पिना सात-आठ. कापडी आवरणाचं जाड रबर एक, साधं बारीक एक. केसांच्या रंगाची जाळी एक. आकडा घेताना दोन्ही पाय बोटांनी दाबून बघा. सहज वाकला तर ठेवून द्या, जाड केसांत तो पहिल्याच दिवशी फाकतो. टोकांवरचा गोळा निघालेली पिनही नको, डोक्याला ओरखडे येतात.

काळ्या पिनेचा एक पाय सरळ असतो, एक नागमोडी. नागमोडी बाजू डोक्याकडे. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं ती उलटीच लावलेली असते. आणि पिन दाताने उघडायची सवय सोडा, फाकलेली पिन परत चावत नाही.

पहिलं काम: पाया

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जागा आधी ठरवा. डोक्याच्या मागे हाताला एक हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या थोडा वर बसवलेला अंबाडा त्या उंचवट्यावर टेकून राहतो. अगदी मानेत घातला तर मान वळवली की पदर आणि ब्लाउजची कड त्याला वर ढकलतात, आणि दिवसभर ढकलून ढकलून तो सैल होतो.

आता केस आडवे दोन भागांत करा, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. वरच्या भागाची ठरवलेल्या जागी पोनी बांधा, जाड रबराचे दोनच वेढे, पण घट्ट. मग खालचे केस वर विंचरून त्याच पोनीत आणा आणि दुसऱ्या रबराने दोन्ही एकत्र बांधा. एकच पोनी बांधली की सगळं वजन एका रबरावर येतं आणि खालच्या केसांचा झोळ सुटतो. दोनदा बांधल्यावर वरच्या केसांचं वजन वरच अडतं. ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम झालं.

बांधून झाल्यावर मान खाली घालून उचला. भांगापाशी किंवा कानामागे एकाच ठिकाणी टोचल्यासारखं ओढत असेल तर तिथले केस जास्त ताणले गेलेत, सोडून पुन्हा बांधा. रोज त्याच जागी तसाच ताण बसत गेला तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. घट्ट म्हणजे दुखणारं नव्हे.

दुसरं: पीळ की वेणी

सरळ, गुळगुळीत केस असतील तर पीळ घालू नका, पोनीची तीन पेडांची वेणी घाला आणि ती गुंडाळा. वेणीला चढउतार असतात, त्यात आकडा अडकतो. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या केसांची टोकंही वेणीत दबून राहतात.

कुरळ्या किंवा जाडसर पोताच्या केसांना पीळ चालतो. पीळ ज्या दिशेने घालाल, वेढाही त्याच दिशेने जाऊ द्या. खरं तर जाऊ द्या म्हणायचीही गरज नाही. पुरेसा पीळ बसला की केस आपणहून गुंडाळीत वळतात, फक्त त्यांच्याशी भांडायचं नाही. उलटा वेढा घातला की पीळ सुटत जातो आणि तासाभरात अंबाडा पोकळ होतो.

गुंडाळताना पहिला वेढा रबराला अगदी चिकटून घ्या, दुसरा पहिल्याच्या बाहेरून, डोक्याला टेकून. एकावर एक रचत गेलात तर अंबाडा लाडवासारखा बाहेर येतो, आणि जितका बाहेर तितका खाली ओढणार. पोळीसारखा पसरट हवा. टोक शेवटच्या वेढ्याखाली दाबा आणि तिथे लगेच एक काळी पिन.

तिसरं: आकडा

आत्याने हे मला आरशासमोर बसवून, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून शिकवलं. लिहून सांगणं अवघड आहे, पण एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

आकडा असा धरा की त्याचं वळलेलं डोकं अंबाड्याच्या मध्याकडे आणि टोकं बाहेर, अंबाड्यापासून लांब बघताहेत. बाहेरच्या वेढ्याची बोटभर रुंदीची कड दोन पायांत पकडा. आता आकडा उभा करून टोकं डोक्याच्या कातडीला हलकेच टेकवा. तिथे तेवढेच थोडे ताणून बसलेले केस पायांत येतात. इथपर्यंत आकडा अगदी सैल वाटेल, घाबरू नका. मग त्याचं डोकं बाहेरच्या बाजूला पालथं पाडा. टोकं आपोआप अंबाड्याच्या मध्याकडे वळतात. आणि आता डोक्याला समांतर, रबराच्या दिशेने आत ढकला. शेवटच्या बोटभर अंतरात आकडा जड जायला लागतो आणि अंबाडा डोक्याशी आवळल्यासारखा जाणवतो. ते जाणवलं म्हणजे लागला. लोण्यात सुरी गेल्यासारखा सहज आत गेला, तर तो नुसता केसांच्या पोटात शिरलाय. काढा, पुन्हा लावा.

पहिला आकडा वर, बाराच्या जागी, कारण वजन तिथून लोंबतं. दुसरा खाली, सहाला. मग तीनला आणि नऊला. जाड केसांना चार पुरतात. फार लांब असतील तर दहा आणि दोनवर आणखी एकेक. वरचा भाग कधी रिकामा ठेवू नका. बहुतेक जणी आरशात दिसतात म्हणून पिना दोन बाजूंनाच खोचतात आणि वरचा काठ तसाच राहतो.

स्प्रिंगसारख्या पिळाच्या पिना मिळाल्या तर दोनमध्येही भागतं. एक वरून, एक खालून, स्क्रूसारख्या फिरवत आत घालायच्या. काढतानाही फिरवूनच, ओढल्या तर केसांसकट येतात. लाकडी काडी वापरणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं: कड पकडायची, डोक्यालगतचे केस उचलायचे, काडी पालथी करायची, पलीकडे काढायची. नुसती आरपार खोचलेली काडी शोभेची.

पारख

मान खाली घाला, डावीउजवीकडे जोरात हलवा, चार उड्या मारा. सगळा अंबाडा डोक्यासकट हलला तर उत्तम. अंबाडा डोकं हलल्यावर अर्ध्या क्षणाने हलला तर पाया सैल आहे, वरून पिना खोचत बसू नका. घरातल्या घरात उड्या मारायला लाज वाटते खरी, पण मेन रोडवर मान आखडून चालण्यापेक्षा बरी.

जाळी आता, सगळ्यात शेवटी. ती वजन धरत नाही, फक्त सुटी टोकं आणि वेढे एकत्र ठेवते. जाळी आधी घालून तिच्यावरून आकडे लावले तर ते जाळीतच गुंततात.

गजरा, हेल्मेट आणि बाकीचं

गजरा अंबाड्याच्या आकड्यांना अडकवू नका. तो पाणी मारलेला असतो, जड असतो, आणि लोंबायला लागला की आकडाही उपसून काढतो. अंबाड्याच्या बुडाशी गोल फिरवून दोऱ्याची टोकं खालच्या बाजूला गाठ मारा, मग दोन-तीन वेगळ्या काळ्या पिना. असा बांधलेला गजरा उलट अंबाड्याला बाहेरून पट्ट्यासारखा आवळतो. सोन्याचं अग्रफूल किंवा मूद घालणार असाल तर काटा शेवटच्या वेढ्यात नको, पहिल्या वेढ्यात, रबराजवळ घाला. पडलं तरी चालेल अशी वस्तू नाही ती.

गाडीवर जायचं असेल तर उंच अंबाडा विसरा. हेल्मेट नीट बसत नाही आणि नीट न बसलेलं हेल्मेट घालून गंगापूर रोडला गाडी काढणं हा शहाणपणा नाही. वेणी घालून निघा, आकडे पर्समध्ये, पोचल्यावर गुंडाळा. सराव झाला की पाच मिनिटांचं काम. पाडव्याच्या शोभायात्रेच्या सकाळी आमच्या पथकातल्या निम्म्या मुली पार्किंगमध्ये गाडीच्या आरशात बघून हेच करत असतात.

दुपारपर्यंत थोडा सैल झालाच तर सगळा सोडू नका. वरचा, बाराचा आकडा तेवढा काढून पुन्हा कड पकडून लावा. दहापैकी आठ वेळा तेवढ्यावर निभतं.

सोडताना

घरी आल्यावर थकून एकदम ओढू नका, गुंता तिथेच होतो. आधी जाळी, मग काळ्या पिना, मग आकडे लावले त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे बाराचा सगळ्यात शेवटी. वेणी बोटांनी उलगडा, रबर कात्रीने कापा, उपसू नका. मग बोटांच्या पेरांनी पायाच्या जागी दोन मिनिटं चोळा. दिवसभर एकाच दिशेला ताणलेले केस पडताना मुळाशी ठणकतात, ते चोळल्यावर थांबतं.

आणि काढलेले आकडे मोजा. मी आता सहा लावते. परवा पाच निघाले, सहावा सकाळी उशीच्या अभ्र्यात सापडला.