जर्मनीतलं बँक खातं आणि रोजचा पैसा: नव्याने आलेल्यांनी या चुका टाळा

जर्मनीतलं माझं पहिलं बँक कार्ड मला मिळालंच नाही. बँकेने ते वेळेवर पाठवलं होतं, पण मी राहत होते त्या घराच्या टपालपेटीवर माझं नाव नव्हतं. इथे पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, नाव सापडलं नाही की पत्र परत. शिवाय कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या, तीही वेगवेगळ्या दिवशी येतात. माझा पिन परत गेला होता की कार्ड, हे कळेपर्यंत तीन आठवडे मी सोबत आणलेली रोकड पुरवून पुरवून वापरली. म्हणून किल्ली हातात आली की त्याच दिवशी पट्टीवर आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा, मैत्रिणीकडे महिनाभरासाठी राहत असाल तरीही.

नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिणं

आपल्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बऱ्याचदा एकत्रच छापलेलं असतं. मग बँकेत पूर्ण नाव, नोकरीच्या करारात मधलं गाळलेलं आणि घराच्या करारात आडनाव आधी, असा घोळ होतो. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, आणि खातेदाराचं नाव जुळतं का, हे बँक तपासून सांगते. त्यामुळे सगळीकडे पासपोर्टाप्रमाणेच नाव द्या. तुम्ही पैसे पाठवताना ‘नाव जुळत नाही’ असा इशारा आला तर थांबा आणि समोरच्याला विचारा. इशारा डावलून पाठवलेले पैसे चुकीच्या खात्यात गेले तर नुकसान तुमचंच. तातडीचं ट्रान्सफर तर दहा सेकंदांत पोचतं, ते मागे बोलावता येत नाही.

ब्लॉक्ड अकाउंटवर पहिला महिना काढायचा बेत

विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे दरमहा ९९२. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवलेली ही रक्कम दरमहा हप्त्यानेच मिळते. पण इथलं चालू खातं उघडून ते जोडल्याशिवाय यातला पहिला हप्ता हाती येत नाही. त्याच दिवसांत घराची अनामत आणि पहिलं भाडं समोर उभं असतं. ही रक्कम वेगळी आणा. अनामतीची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे: हीटिंगसारखे खर्च वगळून जे मूळ भाडं, त्याच्या जास्तीत जास्त तीन पट, आणि तीही तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. करार आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय ‘किल्ली कुरिअरने पाठवतो’ म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका.

लास्टश्रिफ्ट न समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती ही चूक. आपल्याला बिल आलं की आपण भरायचं, ही सवय असते. इथे वीज, इंटरनेट, जिम, विमा हे सगळे तुमच्या परवानगीने स्वतःच खात्यातून पैसे ओढतात, हीच लास्टश्रिफ्ट. त्या परवानगीचं नाव मँडेट. करार करताना आयबॅन लिहून सही केली की मँडेट दिलं. मग कुणाचे पैसे १ तारखेला जातात, कुणाचे १५ ला, कुणाचे तीन महिन्यांतून एकदा. खात्यात शिल्लक नसेल तर वसुली परत फिरते, त्याचा दंड लागतो आणि मूळ रक्कम बाकी ती बाकीच.

मी अजूनही एका वहीत तीन रकाने ठेवते: कोण, किती, कुठल्या तारखेला. तिमाही आणि वार्षिक वसुल्या लाल पेनने लिहिते, कारण विसर पडतो तो त्यांचाच.

मँडेट दिलेली वसुली आठ आठवड्यांच्या आत, कारण न देता परत घेता येते. मँडेटच नसेल तर मुदत तेरा महिन्यांची. ही सोय फार मोठी आहे, पण तिचा एक गैरसमज मी पुन्हा पुन्हा बघते. जिमचे पैसे ॲपमधून परत घेतले म्हणजे जिम बंद झाली, असं होत नाही. करार चालूच राहतो. मग मानुंग, म्हणजे थकबाकीची नोटीस येते, त्यानंतर वसुली कंपनी, आणि पुढे शूफाच्या, म्हणजे लोकांची पत नोंदवणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत डाग. शूफाची नोंद बघितल्याशिवाय घरमालक घर देत नाहीत, हे इथे घर शोधलेल्या कुणालाही विचारा. आधी करार लेखी रद्द करा. १ मार्च २०२२ पासून केलेल्या जिमसारख्या करारांत पहिली मुदत संपल्यावर एका महिन्याची सूचना पुरते. शूफाकडे तुमची काय माहिती आहे त्याची प्रत मोफत मागता येते. सशुल्क दाखला वेगळा, त्यावर आधी पैसे घालवू नका.

पत्रं न उघडणं

जर्मन येत नाही म्हणून पाकिटांचा गठ्ठा टेबलावर पडून राहतो. नभोवाणी शुल्काचं, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी द्याव्या लागणाऱ्या पैशांचं, पत्र त्यातच असतं. ते घरटी महिन्याला १८.३६ युरो, माणशी नव्हे. रूममेट भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक कळवला की तुमची सुटका. काहीच न कळवल्यास थकबाकी चढत जाते. पिवळं पाकीट आलं तर मात्र त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. ते कोर्टाचं असू शकतं. वसुलीच्या आदेशावर हरकत घ्यायला दोनच आठवडे मिळतात आणि दिवस मोजले जातात ते पाकिटावर पोस्टमनने लिहिलेल्या तारखेपासून.

फोन बदलणं

नवा फोन घेतला, जुना फॉरमॅट करून विकला, आणि व्यवहाराला मंजुरी देणारं टॅन ॲप त्यातच होतं! नव्या फोनवर ते सुरू करायचा कोड बऱ्याच बँका टपालाने पाठवतात. आधी ॲप हलवा, मग फोन द्या. कार्ड हरवलं तर ११६ ११६ वर दिवसरात्र ते बंद करता येतं.

भारतातलं खातं तसंच ठेवणं

तुम्ही अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्यावंच लागतं, हा फेमाचा, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याचा, नियम आहे. इथली कमाई पाठवायला एनआरई खातं. भारतातला नंबर बंद पडू देऊ नका, नाहीतर ओटीपीअभावी मुदत ठेवही मोडता येत नाही. तिथल्या व्याजाचा उल्लेख इथल्या कर विवरणात करायचा असतो, हेही बरेच जण विसरतात.

परतताना खातं घाईने बंद करणं

विमानाच्या आदल्या आठवड्यात खातं बंद करून मोकळं व्हावंसं वाटतं. पण भाड्यासोबतच्या हीटिंगसारख्या खर्चांचा हिशेब द्यायला घरमालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात, आणि तोवर तो अनामतीतली काही रक्कम अडकवून ठेवू शकतो. कराचा परतावाही मागून येतो. एखादं बिनशुल्क खातं वर्षभर चालू ठेवा, बँकेला नवा पत्ता कळवा आणि बाकी सगळी मँडेटं मात्र जाण्याआधी एकेक करून रद्द करा.