जनजागृती मोहिमेपूर्वी स्वयंसेवी संस्थेने करावयाची जनसंपर्काची तयारी

मोहिमेचे नाव आणि घोषवाक्य ठरवण्याआधी संस्थेने एक वाक्य लिहून काढावे: ही बातमी वाचल्यावर वाचकाने नेमके काय करावे? 'लोकांमध्ये जागृती व्हावी' हे उत्तर पुरेसे नाही. 'गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्या तिमाहीत नोंदणी व्हावी' असे ठोस वाक्य हाती असेल, तरच कोणाशी, कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या भाषेत बोलायचे हे ठरवता येते. त्यानंतर लगेच आपली क्षमता तपासावी. मदतीसाठी दिलेला दूरध्वनी कोण उचलणार, किती वेळ उचलणार आणि फोन करणाऱ्याला पुढे कोठे पाठवणार, याची व्यवस्था होईपर्यंत तो क्रमांक छापायला देऊ नये, कारण धीर एकवटून फोन करणाऱ्याला उत्तर मिळाले नाही, तर तो पुन्हा फोन करण्याची शक्यता फार कमी असते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो ज्यांची कहाणी सांगायची त्यांच्या संमतीला. आकडेवारीपेक्षा एका माणसाची हकिगत वाचकाला अधिक हलवते, म्हणून पत्रकार अशी हकिगत मागणारच. परंतु संस्थेकडून उपचार, शिक्षण किंवा आसरा मिळवणाऱ्या व्यक्तीला नकार देणे अवघड जाते, हे संस्थेनेच ओळखले पाहिजे. नकार दिल्याने मदत थांबणार नाही, हे तिला स्पष्ट सांगावे. छायाचित्र कोठे छापले जाईल, ते इंटरनेटवर वर्षानुवर्षे राहू शकते आणि शेजारीपाजारीही ते पाहतील, हे तिच्या भाषेत समजावून मगच लेखी संमती घ्यावी, आणि प्रसिद्धीपूर्वी ती मागे घेण्याची मुभा ठेवावी. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांचे नाव आणि चेहरा तर उघड करूच नये. नाव बदलूनही शाळेच्या किंवा वस्तीच्या उल्लेखावरून ओळख पटते, तेव्हा तेही तपशील गाळावेत. विषय आत्महत्येचा असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पद्धतीचे वर्णन टाळावे आणि मदत कोठे मिळेल हे मजकुरातच द्यावे. दया उत्पन्न करणारे छायाचित्र देणग्या आणत असेलही, पण त्यात दिसणाऱ्या माणसाला ते पाहून लाज वाटणार असेल, तर ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसिद्धिपत्रक एका पानाचे असावे, पहिल्या परिच्छेदात बातमी यावी आणि प्रत्येक आकड्यामागे दाखवता येईल असा आधार असावा. तारखेचा विचार मात्र नीट करावा. 1 डिसेंबर हा दिवस 1988 पासून जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो. अशा दिवशी माध्यमे विषयाकडे वळतात खरी, परंतु त्याच दिवशी अनेक संस्थांची पत्रके येऊन पडतात. लहान संस्थेने म्हणून आपल्या कामातील स्थानिक बातमी घेऊन संबंधित वार्ताहराशी काही आठवडे आधी बोलावे, किंवा गर्दी नसलेला दिवस निवडावा.

बोलणारी व्यक्ती एकच असावी, तिच्या अनुपस्थितीत कोण बोलेल हे ठरलेले असावे, आणि अवघड प्रश्नांची उत्तरे विश्वस्तांसह आधी तयार करावीत. त्यांत पैशांचा प्रश्न हमखास असतो. 2014 च्या 'आइस बकेट चॅलेंज'मधून, म्हणजे डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेत देणग्या जमवण्याच्या मोहिमेतून, एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे अवघ्या काही आठवड्यांत सुमारे 11.5 कोटी डॉलर जमा झाले, आणि त्याबरोबरच त्यांचा विनियोग कसा होणार ही विचारणाही आली. रक्कम कितीही लहान असो, लेखापरीक्षित हिशेब आणि खर्चाचे नियोजन मोहिमेपूर्वीच हाताशी असावे.

शेवटची बाब मोजमापाची. बातमीने व्यापलेल्या जागेला जाहिरातीचा दर लावून प्रसिद्धीची किंमत काढण्याची पद्धत जनसंपर्क क्षेत्रानेच 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये, म्हणजे जनसंपर्काचे मोजमाप कसे करावे हे सांगणाऱ्या तत्त्वांमध्ये, नाकारली आहे. त्याऐवजी सुरुवातीला लिहिलेल्या वाक्यातील कृती मोजावी: नोंदणी किती, तपासण्या किती, फोन किती. मोहिमेपूर्वीचा आकडा नोंदलेला नसेल तर नंतरच्या आकड्यावरून काहीच कळत नाही, म्हणून ही नोंद पहिले पत्रक बाहेर पडण्याच्या किमान एक महिना आधी सुरू करावी आणि ती ठेवण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याकडे नावानिशी सोपवावी.