आधी डाग ओळखा, मग फडकं उचला

माझ्या गाडीच्या बोनेटवर तळहाताएवढा एक पांढुरका पट्टा आहे. तिरप्या उन्हात हमखास दिसतो. झाडाचा वाळलेला चीक मी भांड्यांच्या घासणीने काढायला गेलो होतो, त्याची ही खूण. चीक निघाला, सोबत चकाकीही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो. केससुद्धा त्याहून जाड भरेल. तिथे जोर कसला करायचा!

गाडी सावलीत लावा आणि पत्रा गार होऊ द्या. मग शाम्पूने नीट धुऊन घ्या, नाहीतर फडक्याखाली आलेली धूळच ओरखडे काढते.

आता डाग बघा. झाडाखाली उभ्या गाडीवर बारीक चिकट तुषार उडाल्यासारखे दिसत असतील, तर तो बहुधा चीक नसतोच. पानांवरच्या मावा किडीचा गोड स्राव असतो तो, कोमट पाण्याने जातो. खरा चीक पिवळसर, काचेच्या मण्यासारखा घट्ट होतो. दारांच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या मागे काळे ठिपके असतील, तर ते रस्त्यावरचं डांबर.

चिकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, 70 टक्क्यांचं पुरतं. आधी कुठल्यातरी कोपऱ्यात थोडं लावून बघा, विशेषतः गाडी नुकतीच रंगवली असेल तर. मऊ मायक्रोफायबर फडक्याची घडी भिजवून डागावर ठेवा आणि अर्धा-एक मिनिट अजिबात घासू नका. हेच सगळ्यात अवघड, कारण हात शिवशिवतो. कडा विरघळून सैल झाल्या की हलकेच पुसा, घडी पालटा, पुन्हा ठेवा. जाड थेंबाला चार-पाच फेऱ्या लागतात. नखाने खरवडू नका. हेडलाइटच्या प्लास्टिकवर मात्र हे वापरू नका, त्याला बारीक तडे जाऊ शकतात.

डांबराला अल्कोहोल दाद देत नाही. ते खनिज तेलाचंच भावंड, त्यामुळे तेलातच विरघळतं. टार रिमूव्हर किंवा फडक्यावर थोडं रॉकेल घ्या. ठिपका तपकिरी होऊन ओघळायला लागला की टिपून घ्या. पसरवत बसलात तर एका ठिपक्याचा पट्टा होतो. रबरापासून लांब राहा आणि आसपास आग नको. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर रंगावर आणूच नका.

शेवटी ती जागा शाम्पूने धुवा, म्हणजे तेलकटपणा जाईल. या सगळ्यात तिथलं वॅक्सही गेलेलं असतं, तेव्हा नवा हात द्या.

डाग जाऊनही त्याची कड दिसत राहिली, तर चिकाने क्लिअर कोट खाल्लाय. तिथे पॉलिशच हवं. माझ्या त्या पट्ट्याला मी दोनदा पॉलिश केलं. फिका झालाय, गेलेला नाही.