मुलाखतीनंतरचा आभाराचा मेल: या चुका टाळा

मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसायला लागल्यापासून मी आभाराचे बरेच मेल वाचले आहेत. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. तो मेल कुठल्याही कंपनीला, कुठल्याही पदासाठी पाठवला असता तरी चालला असता. “आपण दिलेल्या अमूल्य वेळेबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन.” लिहिणाऱ्याच्या मनातली कृतज्ञता खरी असेलही, पण आमच्यात नेमकं काय बोलणं झालं याचा या दोन वाक्यांत मागमूस नसतो.

ही चूक मेल लिहिताना सुधारत नाही, ती त्याआधीच सुधारावी लागते. मुलाखत संपली की पहिल्या दहा मिनिटांत फोनमध्ये टिपून ठेवा: समोर कोण कोण होतं, कुठल्या विषयावर बोलणं रंगलं, त्यांच्या कामातली कोणती अडचण कळली, आणि निर्णय कधीपर्यंत कळवू म्हणाले. संध्याकाळपर्यंत यातलं निम्मं डोक्यातून गेलेलं असतं, आणि मग हात आपोआप साच्यातल्या वाक्यांकडे वळतो.

समजा, बोलण्याच्या ओघात कळलं की जुनी माहिती नव्या प्रणालीत नेताना एकाच ग्राहकाच्या दोन-दोन नोंदी होत आहेत. मग मेलमध्ये एवढं लिहिलं तरी पुरे: “काल वेळ दिल्याबद्दल आभार. दुहेरी नोंदींबद्दल तुम्ही जे सांगितलंत, ते नंतरही डोक्यात घोळत होतं. आधीच्या नोकरीत आम्ही फक्त नाव न जुळवता फोन नंबर आणि पत्ता एकत्र तपासत होतो, त्यामुळे बरीच गुंतागुंत कमी झाली होती. हे काम करायला मला मनापासून आवडेल. आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा.” हा मेल दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. त्याची खरी ताकद तीच आहे.

लांबी १०० ते १५० शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. बायोडेटात असलेलं पुन्हा सांगू नका. पगार, सुट्ट्या, घरून काम हे विषय महत्त्वाचे आहेत, पण त्यांची जागा इथे नाही. मुलाखत ज्या भाषेत झाली, त्याच भाषेत मेल लिहा.

चुकलेलं उत्तर सुधारावं का?

एखादं सुधारावं, असं माझं मत आहे. प्रश्नाचं उत्तर येत होतं पण ऐनवेळी सुचलं नाही, किंवा एखादा आकडा चुकीचा सांगितला गेला, तर दोन वाक्यांत दुरुस्त करा: “टीममध्ये आठ जण होतो असं मी म्हणालो, प्रत्यक्षात सहा होतो.” कुणी विचारलेलं नसताना स्वतःहून केलेली अशी दुरुस्ती वाचणाऱ्याला आवडते. बिनसतं ते एकामागून एक पाच उत्तरांचा खुलासा सुरू झाला की. मग आभार बाजूला राहतात आणि मेल कैफियतीसारखा वाटू लागतो. शिवाय ज्या उत्तराकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं, त्याकडे तुम्हीच बोट दाखवता. म्हणून दुरुस्ती एकच, तीही कामाशी थेट संबंध असेल तरच.

पॅनेलमध्ये तिघे होते

मग तिघांनाही सीसीत टाकून एकच मेल पाठवण्यापेक्षा तीन छोटे मेल बरे. पण तिन्हींत शब्दन् शब्द सारखा नको. आम्ही पॅनेलवाले एकमेकांना मेल दाखवतो, आणि अशा वेळी तोच मजकूर तिघांकडे निघाला की लिहिणाऱ्यासाठी वाईट वाटतं. प्रत्येकाने विचारलेला एखादा प्रश्न आठवा आणि तेवढं एक वाक्य बदला.

पत्ते नसतील तर मुलाखतीचं कॅलेंडर निमंत्रण उघडून पाहा, बऱ्याचदा तिथे सगळ्यांचे असतात. तिथेही नसतील तर एचआरला लिहा आणि आभार पॅनेलपर्यंत पोहोचवण्याची विनंती करा. अंदाजाने पत्ता बनवू नका, आणि कुणाचा खासगी नंबर शोधून तिथे मेसेज तर अजिबात नको.

कॉपी-पेस्टचे घोळ

मजकूर एआयकडून लिहून घेणारे आता बरेच आहेत. मदत घ्यायला हरकत नाही, पण चौकटी कंसातलं “कंपनीचे नाव” तसंच राहून गेलेला मेल कुणालाही पाठवू नका. दुसरा घोळ सहसा पाठवणाऱ्याला दिसतच नाही. बाहेरून चिकटवलेला मजकूर स्वतःचा फॉन्ट आणि रंग घेऊन येतो. मग अर्धा मेल एका अक्षरात, अर्धा दुसऱ्यात दिसतो, आणि समोरच्याने डार्क मोड लावला असेल तर काळी अक्षरं काळ्या पार्श्वभूमीवर गडप होऊ शकतात. कॉम्प्युटरवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबलं की नुसता मजकूर येतो, सजावट येत नाही.

सब्जेक्ट रिकामा ठेवू नका. ज्यांच्याशी आधी मेलवर बोलणं झालं आहे, त्यांना त्याच मेलवर उत्तर द्या. नवा मेल असेल तर पदाचं नाव आणि “मुलाखतीबद्दल आभार” एवढं पुरतं. आणि “टू”चा रकाना सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही.

मेल गेला आणि मग चूक दिसली

जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवता येतो, पण सेटिंगप्रमाणे ५ ते ३० सेकंदांतच. आजच ते सेटिंग ३० वर नेऊन ठेवा. आउटलुकमधल्या मेल परत घेण्याच्या सोयीवर विसंबू नका, ती एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरती चालते.

वेळ निघून गेली असेल तर चुकीचा आकार पाहा. वेलांटी चुकली असेल तर सोडून द्या. नाव किंवा कंपनी चुकली असेल तर लगेच एका ओळीचा मेल पाठवा: “आधीच्या मेलमध्ये तुमचं नाव चुकलं, क्षमस्व.” कारणं देऊ नका. पत्ता चुकून मेल परत आला असेल, तर नव्याने पाठवताना आधीच्या गोंधळाचा उल्लेखही नको.

उशीर झाला असेल तरीही पाठवाच. उत्तम वेळ त्याच दिवशी किंवा २४ तासांच्या आत, पण चौथ्या दिवशी पाठवलेला नेमका मेल न पाठवलेल्या मेलपेक्षा चांगला. उशिराबद्दल परिच्छेदभर माफी मागत बसू नका.

उत्तरच आलं नाही

बहुतेक वेळा येतच नाही, आणि त्याचा निकालाशी काही संबंध नसतो. कित्येकदा मेल वाचलेला असतो, आवडलेलाही असतो, फक्त निर्णय होईपर्यंत काही लिहून उमेदवाराला आशा लावायची नसते. त्यांनी सांगितलेली तारीख उलटून दोन कामाचे दिवस जाऊ द्या, मग त्याच मेलवर विचारा: “या पदाबाबत काही निर्णय झाला आहे का?” आणखी आठवड्याने एकदा. त्यानंतर थांबा आणि दुसरे अर्ज सुरू ठेवा.

नकार आला तरी दोन ओळींचं उत्तर द्या. निवडलेला उमेदवार ऐनवेळी येत नाही असंही होतं, आणि मग आम्ही त्याच यादीतलं पुढचं नाव पाहतो.