घोट्याचं ऑपरेशन ठरलंय? आधी उशा घ्या

आधार, मेडिक्लेमचं कार्ड, एक्स-रे, चार्जर सगळेच नेतात. उशा कुणी नेत नाही. सूज उतरावी म्हणून पाय उंच ठेवायला दोन जाड उशा नाहीतर घरातला लोड पहिल्याच दिवशी न्या, कारण घोटा मोडला की ऑपरेशनची तारीख बहुतेकदा सूज ठरवते. घोट्यावर मांस जवळजवळ नाहीच, कातडीखाली लगेच हाड. सूज चढली की कातडी चकाकायला लागते, पाण्याचे फोड येतात. तिथे चीर दिली तर जखम भरत नाही, पू होतो, कधी हाड जोडायला आत बसवलेली धातूची प्लेटच उघडी पडते. म्हणून कातडीला पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत सर्जन थांबतात, आठवडा, कधी दोन. (सांधा निखळला असेल किंवा हाड बाहेर आलं असेल तर थांबायचं नसतं, तडक हॉस्पिटल.) आईच्या वेळी स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातलेला पाय खुर्चीवरून लोंबत ठेवून आम्ही भेटायला आलेल्यांना चहा देत बसलो. फोड आले, तारीख गेली. पाय वर म्हणजे आडवं पडून, छातीपेक्षा वर. बसून स्टुलावर टेकवलेला पाय वर नसतो!

गोळ्यांची यादी कागदावर लिहा. रक्त पातळ करणारी आणि डायबेटिसची गोळी कधी थांबवायची ते भूलतज्ज्ञच सांगतील, मनाने बंद करू नका. साखर वाढलेली असेल, तळवे बधिर असतील तर आधीच सांगा, त्यावरून सर्जनचा बेत बदलतो. सिगारेट, तंबाखू आजपासून बंद, निकोटीनने जखमही रेंगाळते आणि हाडही. ‘मी फक्त मिश्री लावते’ म्हणणाऱ्या मावशींनाही हेच लागू.

सर्जनना विचारा: पाय किती आठवडे टेकवायचा नाही? बरेचदा सहा सांगतात. नडगी आणि बाहेरचं बारीक हाड यांना जोडणारा स्क्रू घालणार का, तो पुढे काढावा लागेल का? रक्ताच्या गुठळीसाठी इंजेक्शन लागेल का?

उकिडवं बसायचा संडास विसरा, कमोडची खुर्ची आणा. वॉकरवर एका पायाने उड्या मारायचा सराव ऑपरेशनआधीच करा, नंतर भुलीच्या गुंगीत शिकणं म्हणजे दुसरा पाय मोडून घेणं. पलंगाशी पाण्याची बाटली. आणि पुन्हा उशा.

आदल्या रात्रीनंतरचा उपास सांगतील तसा. नेलपॉलिश काढा. घरी येताना गाडीत मागच्या सीटवर आडवं, पाय वर. घरीही पाय वर, पाहुणे आले तरी वर. प्लास्टर ओलं नको. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, बोटं निळी-बधिर झाली किंवा नुसती हलवली तरी असह्य कळ आली तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटल, सकाळची वाट नको. टाके साधारण दोन आठवड्यांनी. मग फिजिओ, कंटाळा आला तरी, नाहीतर घोटा आखडतो. प्लेटचं स्टिकर बिलासोबत फाइलला लावा.