हिवाळी कुक्कुट सल्ला : अंड्याचा रंग आणि कोंबडीचा स्वभाव पाहून पैदास

परसातल्या कोंबड्यांची पुढची पिढी तयार करण्यासाठी कार्तिक ते पौष हा काळ महाराष्ट्रात सर्वांत सोयीचा आहे. नोव्हेंबरात नर-माद्यांची निवड केली आणि डिसेंबरात अंडी रवणीला (कोंबडीखाली उबवायला) बसवली, तर जानेवारीत निघालेली पिल्ले शिमग्यापर्यंत पिसांनी भरतात आणि त्यांना पुढचा उन्हाळा झेपतो. हेच काम मार्चवर ढकलले की नराची फलनक्षमता उष्णतेने घटते, साठवलेली अंडीही लवकर खराब होतात आणि पिल्ले कमी निघतात.

बहुतेक घरांत कोंबडी खुडूक झाली (अंडी घालणे थांबवून उबवायला बसू लागली) की हाताशी असतील ती अंडी तिच्याखाली ठेवली जातात. ही सवय आधी सोडावी आणि अंड्याचा रंग व कोंबडीचा स्वभाव पाहून अंडी निवडावीत. बाजारात तपकिरी अंड्याला गावरान म्हणून चांगला भाव मिळतो. मात्र कवचाच्या रंगाने अंड्याचे पोषणमूल्य बदलत नाही, हे ग्राहकाला प्रामाणिकपणे सांगावे. बलकाचा गडद रंग हिरवा चारा, मका यांसारख्या खाद्यातून येतो, तर कवचाचा रंग आनुवंशिक असतो आणि म्हणूनच निवडीने पिढीगणिक सुधारता येतो.

कोणती कोंबडी कोणत्या रंगाचे अंडे देते हे ठरवण्यासाठी अंडे घालायला आलेली कोंबडी सकाळी वेगळ्या डालग्याखाली ठेवावी आणि अंडे मिळताच त्यावर पेन्सिलीने तिची खूण करावी. दोन-तीन आठवडे हे केले की चित्र स्पष्ट होते. तपकिरी रंगद्रव्य अंडे बाहेर येण्यापूर्वीच्या शेवटच्या काही तासांत कवचावर चढते. म्हणून तपकिरी अंडे फोडून आतला पापुद्रा सोलला तर कवच आतून पांढरट दिसते. कोंबडी घाबरली, आजारी पडली किंवा उन्हाने बेजार झाली तर हा थर फिका पडतो. वयानुसारही तो फिकट होत जातो, त्यामुळे नव्या तलंगेची (नुकतीच अंडी घालू लागलेल्या कोंबडीची) तुलना जुन्या कोंबडीशी करू नये. ज्या कोंबडीचे अंडे एकसारख्या गडद रंगाचे, जाड कवचाचे आणि सुबक आकाराचे आहे तीच पैदाशीसाठी ठेवावी. केवळ रंगासाठी पातळ कवच स्वीकारू नये. काळ्या कडकनाथाचे अंडे काळे असते ही समजूत चुकीची आहे. ते फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे असते.

नराच्या बाबतीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तो अंडे देत नसला तरी पिल्लांचा निम्मा वारसा त्याचा असतो. म्हणून कळपातील सर्वांत गडद अंड्यातून निघालेलाच नर राखावा आणि त्यासाठी अशा अंड्यांतून निघालेल्या पिल्लांच्या पायात रंगीत कडी घालावी. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरेसा आहे. माणसावर, विशेषतः मुलांवर, झेपावणारा नर कितीही देखणा असला तरी पैदाशीतून काढून टाकावा, कारण हा दोष काही अंशी पुढच्या पिढीत उतरतो. झुंजीसाठी जोपासलेल्या असील जातीचा नर घेताना ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

स्वभाव पारखण्याची एक सोपी पद्धत आहे. पक्ष्याला सपाट जागी हळूच पाठीवर झोपवून छातीवर काही क्षण हात ठेवावा आणि मग हात काढून घ्यावा. पक्षी निपचित पडून राहतो. लवकर उठून उभा राहणारा पक्षी कमी भित्रा समजावा, तर बराच वेळ तसाच पडून राहणारा शांत नसून भयाने ताठलेला असतो. अनेकांचा नेमका इथे गैरसमज होतो. सर्व पक्ष्यांची पारख एकाच जागी, एकाच वेळी करावी.

निवडलेला नर सोडण्यापूर्वी जुना नर वेगळा करावा आणि त्यानंतर किमान तीन आठवडे उबवणीसाठी अंडी घेऊ नयेत, कारण जुन्या नराचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात तितके दिवस टिकू शकतात. नंतरची स्वच्छ, मध्यम आकाराची अंडी रुंद टोक वर करून थंड जागी ठेवावीत आणि सात दिवसांच्या आत बसवावीत. अंडी धुऊ नयेत. एका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात तपासून रिकामी (गर्भ न धरलेली) अंडी काढावीत. पिल्ले एकविसाव्या दिवशी निघतात.

पिल्लांना कृत्रिम उब द्यायची असल्यास पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ठेवून पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी. पहिल्या काही आठवड्यांत रोज हातावर दाणे देऊन, हळू आवाजात बोलत पिल्ले हाताळावीत. चांगल्या वंशाचे पिल्लूही माणसाच्या सहवासाशिवाय बुजरेच राहते. मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो या विषाणूजन्य रोगाची चौदाव्या दिवसाच्या सुमारास द्यावी आणि पुढच्या मात्रा व देवीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

निळ्या-हिरव्या अंड्यांची चौकशी अलीकडे वाढली आहे. हा रंग चिलीतील आराउकाना कोंबडीमुळे प्रसिद्ध झाला. तो संपूर्ण कवचात मुरलेला असतो, त्याचा जनुक प्रभावी असतो, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी रंग दिसतो, आणि तपकिरी वंशाशी संकर केल्यास हिरवट अंडी मिळतात. आपल्या नेहमीच्या गावरान कोंबड्यांतून केवळ निवडीने हा रंग येईल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि समाजमाध्यमांवरून मूळ ठाऊक नसलेली उबवणुकीची अंडी मागवू नयेत. त्यांतून रोग कळपात शिरू शकतो.

वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा हे सुधारित पक्षी अंड्यांसाठी चांगले आहेत, पण ते संकरित असल्याने त्यांच्याच पिल्लांत रंग, वजन आणि उत्पादन सारखे उतरत नाही. त्यांची नवी पिल्ले उबवणी केंद्रातूनच घ्यावीत आणि पैदाशीचा गावरान कळप वेगळ्या खुराड्यात राखावा. या कळपातील नर त्याच्याच मुलींवर सोडू नये. दरवर्षी दुसऱ्या गावातील, तपासलेल्या कळपाच्या नराशी अदलाबदल करावी आणि नवा नर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवूनच आत घ्यावा.