नोकरी गेल्यावर पहिल्या महिन्यात या चुका टाळा

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी नऊ वर्षं काढली. शेवटची मीटिंग वीस मिनिटांची होती. समोर राजीनाम्याचा तयार कागद होता आणि "आत्ता सही केलीत तर रिलीव्हिंग लेटरची अडचण येणार नाही" असं सांगितलं गेलं. मी सही केली. नंतर अशाच प्रसंगातून गेलेल्या अनेकांशी बोललो. थांबायचं तिथे आपण घाई करतो आणि घाई करायची तिथे आठवडेच्या आठवडे थांबतो, हे सगळ्यांच्या बाबतीत दिसलं.

पहिली घाई सहीची. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात असं ठरतं, आणि मग कामगार आयुक्तांकडे किंवा कोर्टात "मला काढलं" हे सिद्ध करणं फार अवघड जातं. त्या खोलीत एवढंच म्हणा, "मला हे ईमेलवर पाठवा, वाचून उद्या कळवतो." नोटीसचा पगार किती, भरपाई किती, शिल्लक रजांचे पैसे किती, ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम) धरली आहे का, हे लेखी मागा. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग सेवा लागते. तुमची पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने कमी पडत असतील तर शेवटची तारीख पुढे नेण्याची विनंती जरूर करा. माझ्या ओळखीच्या एका मुलीला अशी पुढची तारीख मिळाली, आणि मिळाली ती केवळ मागितली म्हणून. एकट्याने बोलायचं धैर्य होत नसेल तर पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांसाठी काम करणारी 'नाइट्स' ही संघटना आहे, किंवा सरळ एखाद्या कामगार वकिलाला गाठा. तासाभराच्या फीमध्ये बरंच वाचतं.

दुसरी घाई पीएफची. हातात पैसा हवा म्हणून लोक पहिल्याच संधीला सगळी रक्कम काढतात. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर सहसा कर लागतो. मालकाचा धंदा आवळला किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली तर यातून सूट आहे. पण कागदावर राजीनामा असेल तर ती सूट मागणार कशी? सहीच्या त्या घाईची किंमत इथे पुन्हा मोजावी लागते. पीएफसोबत जमा होणाऱ्या पेन्शनचंही असंच आहे. दहा वर्षं भरायच्या आत पेन्शनची रक्कम काढून घेतली की तेवढी सेवा हिशोबातून जाते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खातं तसंच ठेवलं तरी व्याज चालूच राहतं. नवी नोकरी लागली की ट्रान्सफर करा. अगदीच नड असेल तर लागेल तेवढीच रक्कम काढा.

आता जिथे थांबायचं नाही ते. ऑफिसचा लॅपटॉप हातात असेतोवर पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि अप्रेझलची पत्रं स्वतःच्या ईमेलवर घ्या. कंपनीच्या कोडला किंवा क्लायंटच्या फाइलला मात्र हात लावू नका. ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने काढलेला आरोग्य विमा, बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावा लागणारा, आधीच भरलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो, पण त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. घरात मधुमेहाचे आई-वडील असतील तर सगळ्यात आधी हे काम करा.

गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. चुकल्यावर तोच मॅनेजर वेगळ्या सुरात बोलतो.

आणि घरी सांगा. मी सतरा दिवस सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि बाणेरच्या एका कॅफेत बसायचो. त्या सतरा दिवसांत मी एकही अर्ज धड केला नाही, कारण सगळी ताकद लपवण्यातच जात होती. बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग वही घेऊन खर्च लिहायला बसली. चौथ्या दिवशी तिच्या मावसभावाने त्याच्या कंपनीत माझं नाव सुचवलं. नोकरी तिथे लागली नाही, पण पहिली मुलाखत तिथेच झाली आणि घसा मोकळा झाला.

रेझ्युमे शंभर ठिकाणी एकसारखा पाठवण्यापेक्षा जुन्या दहा सहकाऱ्यांना फोन करा. "काही असेल तर सांग" असं मोघम म्हणू नका. "जावा बॅकएंड, नऊ वर्षं, पुणे किंवा रिमोट, लगेच रुजू होऊ शकतो" असं नेमकं सांगा. मुलाखतीत नोकरी का सुटली विचारलं तर खरं उत्तर दोन वाक्यांत द्या. तारखा फिरवू नका; पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या नोंदीवरून त्या उघड होतात. जुन्या कंपनीने पीएफमध्ये तुमची शेवटची तारीख भरली आहे का, हेही बघून घ्या.

रजिस्ट्रेशन फी किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारी नोकरी खोटी असते. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर टाकू नका.